आपण नाही धरले तर दुसरा धरेल



प्रायश्चित्तकाळातल्या दुसऱ्या शुक्रवारची गोष्ट. संध्याकाळी क्रुसाची वाट आटोपून आम्ही निवासात आलो, तर टेबलावर एक झाकलेले ताट होते. आपल्या धर्मग्रामातल्या एक मावशी मासे विकून घरी जाताना अधूनमधून असे काहीतरी ठेवून जातात, आणि नको म्हटलेले त्यांना चालत नाही. ताटात तांदळाची भाकर होती, थोडी कोशिंबीर होती आणि तळलेली सात पापलेटे होती. एका माणसाला सात पापलेटे, कारण एकेक पापलेट एवढे की चहाच्या बशीत दोन सहज मावावीत. आम्ही प्रार्थना म्हटली आणि, लपवून काय करायचे, सातही खाल्ली. काटे इतके कोवळे होते की बाजूला काढावेही लागले नाहीत.

शुक्रवारी मांस वर्ज्य आहे, मासा चालतो. तेव्हा ख्रिस्तसभेचा कोणताही नियम आमच्याकडून मोडला गेला नव्हता. मासा का चालतो याचे कारण संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात दिले आहे. जमिनीवरच्या प्राण्यांच्या मांसात जिभेला सुख अधिक, म्हणून उपवासात ते सोडायचे. संत थॉमस थोर तत्त्वज्ञ होते, पण वसईच्या किनाऱ्यावरचे पापलेट त्यांच्या ताटात कधी आले नसावे. ते असो. त्या रात्री आमचे मन उपवासाच्या नियमापाशी अडलेले नव्हते. ते त्या कोवळ्या काट्यांपाशी अडले होते. ही सात पिल्ले वर्षभराने केवढी झाली असती?

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सानंतर आम्ही बंदरावर गेलो. थंडी सरत आली होती. पहाटेचा मतलई वारा पडला होता आणि खारा वारा अजून सुटायचा होता. अशा वेळी खाडीच्या मुखावर पाणी तेलासारखे सपाट दिसते. बोटी नुकत्याच लागल्या होत्या. वलांडीवर बोंबील चढवायचे काम चालू होते, वाळूवर पसरलेला जवळा बायका हाताने पांगवत होत्या. फाल्गुन-चैत्राचे हे दिवस सुकवणीचे. ऊन कडक असते, पावसाची भीती नसते, आणि पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्यांची बेगमी याच दिवसांत करून ठेवायची असते.

एका बोटीतून टोपल्या उतरत होत्या. बोटीचे नाखवा आपल्या सगळ्यांच्या परिचयाचे, चर्चच्या प्रत्येक कामाला पुढे असणारे. एका टोपलीत बोंबील, करंदी आणि मांदेली यांच्यामध्ये चांदीच्या नाण्यांसारखी पापलेटची पिल्ले चमकत होती. आम्ही काही बोलण्याआधीच ते म्हणाले, "फादर, तुम्ही काय विचारणार ते मला ठाऊक आहे. आम्ही नाही धरली तर पुढचा धरेल. सोडून काय मिळणार?"

आम्ही उत्तर दिले नाही. खरे म्हणजे आमच्याकडे उत्तर नव्हते. सेमिनरीत तीन वर्षे तत्त्वज्ञान शिकलो, पदवी घेतली, आणि बंदरावरच्या एका वाक्यापुढे गप्प राहिलो. गेले दोन आठवडे ते वाक्य मनात घोळते आहे. म्हणून या रविवारी तेच तुमच्यापुढे ठेवतो. हा प्रश्न फक्त बोटवाल्यांचा नाही. मासे विकणाऱ्यांचा आहे, ते खाणाऱ्यांचा आहे, आणि ज्यांच्या टेबलावर ताट आयते येते त्या आमच्यासारख्यांचा तर आहेच.

आधी डोलीविषयी थोडे. आपल्यातले जे वाडीतले आहेत, ज्यांचा दर्याशी संबंध मासे विकत घेण्यापुरता, त्यांना हे माहीत असतेच असे नाही. डोल म्हणजे भल्यामोठ्या शंकूसारखे जाळे. समुद्राच्या तळात रोवलेल्या खुंटांना ते बांधतात. तोंड प्रवाहाकडे, आणि मागे निमुळते होत गेलेला शेवटचा पिशवीसारखा भाग, त्याला खोला म्हणतात. डोल माशाच्या मागे धावत नाही. भरती-ओहोटीच्या पाण्याबरोबर जे वाहत येईल ते तोंडातून आत शिरते आणि खोल्यात साचते. पाणी मंदावले की खोला बोटीत ओढून मोकळा करायचा. म्हणून डोलीचा सारा हिशेब चंद्रावर. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाण्याला ओढ, जाळ्यात मासळी. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी सुस्त, बोटी किनाऱ्यावर आणि नाखवे जाळी विणायला बसलेले.

खोल्याची आस अगदी बारीक असते, कारण जवळा बारीक असतो. जवळा अडकायला हवा तर आस मोठी ठेवून चालत नाही. पण जे जाळे जवळा अडवते ते पापलेटचे पिल्लूही अडवणारच. आणि खोला बोटीत येईपर्यंत ते पिल्लू बहुधा मेलेलेच असते. नाखवांच्या बोलण्यातला हा भाग आम्हाला आधी कळलाच नव्हता. आमची कल्पना अशी की सज्जन मासेमाराने लहान मासा हातात घ्यावा आणि अलगद पाण्यात सोडावा. गळाने मासे धरणाऱ्याला ते जमत असेल. डोलवाल्याने मेलेले पिल्लू पाण्यात टाकले तर ते फक्त कावळ्यांच्या आणि खेकड्यांच्या उपयोगाला येईल. बोटीवर उभे राहून चांगले वागायचे म्हटले तरी त्या क्षणी करण्यासारखे काही उरलेले नसते.

सरकारी नियमही आहे. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर. म्हणजे आपल्या मनगटापासून मधल्या बोटाच्या मधल्या पेरापर्यंत, साधारण तेवढे. त्याहून लहान मासा अजून वयात यायचा असतो, त्याने एकदाही अंडी घातलेली नसतात. त्याच वर्षी पापलेटला राज्यमाशाचा मान मिळाला. सन्मानही मिळाला आणि मापही मिळाले. पण नियम होऊन एवढा काळ गेला तरी माप लावायला टोपलीपाशी कोणी उभे नसते. आमच्या ताटातल्या सातांपैकी एकही त्या मापात बसले नसते.

आता नाखवांच्या वाक्याकडे वळू. त्यात दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या आहेत. एक भाकीत आहे: मी सोडले तर दुसरा धरेल. दुसरा निष्कर्ष आहे: म्हणून मी धरले तर चालते. भाकीत बहुतांशी खरे आहे. निष्कर्ष त्यातून निघतो का?

रेल्वेच्या फलाटावर एखादी बाई चक्कर येऊन पडली आहे आणि तिची पर्स बाजूला आहे. गर्दी अशी की आपण नाही घेतली तर कोणीतरी ती लांबवणार हे जवळजवळ नक्की. म्हणून आपण ती उचलून खिशात घालू का? कोणीच हो म्हणणार नाही. चोरी होणारच असली तरी ती करणारा कोण, याला महत्त्व आहे. तेव्हा निष्कर्ष खोटा ठरला असे म्हणून आम्हाला हा लेख इथेच संपवता आला असता.

पण नाखवा म्हणतील, पर्स त्या बाईची असते, मासा कोणाचा? हा आक्षेप जुना आणि वजनदार आहे. ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडिताने १६०९ साली मुक्त समुद्रावर पुस्तक लिहिले. समुद्र कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही, असे त्याचे म्हणणे होते. पोर्तुगीजांनी पूर्वेकडचा समुद्र आपलाच म्हणून अडवला होता, त्यांच्याविरुद्ध तो लिहीत होता. (त्या वेळी आपल्या वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीजांचेच निशाण होते. म्हणजे हा वाद आपल्या दारातलाच म्हणायचा.) त्याच्या युक्तिवादाला एक आधार असा होता की समुद्र कितीही वापरला तरी सरत नाही. एकाने धरले म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही, मग मालकी कशाला हवी? पुढे १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात थॉमस हक्सली यांच्यासारख्या मोठ्या शास्त्रज्ञानेही सांगितले की कॉड, हेरिंग यांसारखी मोठी सागरी मासेमारी अक्षय आहे, माणसाच्या हातून तिला धक्का लागणार नाही. त्यानंतर ११० वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच २ जुलै १९९२ रोजी कॅनडाच्या सरकारला न्यूफाउंडलंडची कॉडची मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३० हजार लोकांचे काम गेले. बंदी दोन वर्षांची म्हणून जाहीर झाली होती. ती पूर्णपणे उठायला २०२४ साल उजाडले.

आपल्याकडेही आकडे बोलतात. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०१९ साली महाराष्ट्रात सुमारे दोन लाख टन मासळी उतरली, ४५ वर्षांतली सर्वांत कमी. त्या वर्षी वादळांमुळे बोटी किती दिवस बंदरात अडकल्या होत्या, हे आपले नाखवा लगेच सांगतील आणि ते बरोबरच आहे. एका वाईट वर्षावरून शेवट झाला असे म्हणू नये. पण दर्या सरत नाही, असे आज आपल्या बंदरावरचा कोणी शपथेवर म्हणणार नाही.

दर्या सरतो म्हटल्यावर ते पिल्लू कोणाचेच नाही असे म्हणता येत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण अशी की पृथ्वीवरची संपत्ती सर्वांसाठी आहे. त्या सर्वांमध्ये आज जन्मलेले नाहीत तेही आले. आज खोल्यात आलेले पिल्लू पुढच्या वर्षी सातपाटीच्या दालदी जाळ्यात मोठे पापलेट म्हणून लागले असते. (सातपाटीकर आणि आपले डोलवाले यांच्यातला वाद जुना आहे. तो इथे उकरून काढायचा नाही. पण त्यांचे म्हणणे आपण कधी नीट ऐकले आहे का, एवढे मात्र विचारावेसे वाटते.) किंवा आपल्याच बंदरातल्या, आज शाळेत जाणाऱ्या एखाद्या पोराच्या जाळ्यात त्या पिल्लाची पिल्ले लागली असती. त्या पोराची पर्स फलाटावर पडली आहे.

नाखवांचा दुसरा बचाव त्याहून बारीक आहे. आम्ही डोल लावतो ती बोंबील-जवळ्यासाठी, पापलेट आपोआप येते. सेमिनरीत आम्हाला दुहेरी परिणामाचे तत्त्व शिकवले होते. त्याचे मूळ संत थॉमस यांच्यातच आहे, स्वसंरक्षणाच्या चर्चेत. एकाच कृतीतून एक हवा तो चांगला परिणाम आणि एक नको तो वाईट परिणाम होत असेल, तर काही अटींवर ती कृती निर्दोष ठरू शकते. वाईट परिणाम आपल्याला हवा असलेला नसावा, तो चांगल्याचे साधन नसावा, आणि चांगल्याच्या मानाने तो फार जड नसावा. डोलीला हे लागू करून पाहा. बोंबील हवा, पिल्लू नको. इथपर्यंत ठीक. पण टोपली उतरल्यावर पिल्ले वेगळी काढली जातात, त्यांचा भाव ठरतो, बर्फ लावून ती बाजारात जातात. नको असलेली वस्तू कोणी बर्फात ठेवत नाही. भाव मिळू लागला की हळूहळू पिल्ले जिथे जास्त मिळतात तिथे जाळे लावावेसे वाटते, आणि एके दिवशी नको असलेला परिणामच हवासा होऊन बसतो. पिल्लांना भाव कोण देते? आम्ही खाल्लेल्या सातांना कोणीतरी तळलेच ना.

इथपर्यंत तत्त्वज्ञान आमच्या बाजूने होते. आता अडचण येते.

समजा, एखाद्या नाखवाला हे सगळे पटले. उद्यापासून ज्या पट्ट्यात पिल्ले येतात तिथली जाळी त्याने पिल्लांच्या दिवसांत काढून घेतली. काय होईल? त्याच्या शेजारच्या खोल्यात चार टोपल्या जास्त येतील. पिल्ले मरायची ती मरतीलच. यांच्या घरी मात्र डिझेलचे, बर्फाचे आणि खलाशांच्या पगाराचे देणे तसेच राहील. व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असेल तर त्याचा तगादा. मुलीची फी. फलाटावरची पर्स न उचलणाऱ्याच्या घरी त्या रात्री चूल बंद राहत नाही. इथे राहू शकते. पर्सच्या दृष्टान्तात हा फरक आम्ही सोयीस्करपणे गाळला होता.

कान्ट विचारतो, सर्वांनी असेच केले तर? आपल्या खाडीत या प्रश्नाचे उत्तर कल्पनेत शोधावे लागत नाही, कारण सर्वजण तसे करतातच. अॅरिस्टॉटलने फार पूर्वी म्हटले होते की जे पुष्कळांचे सामाईक असते त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने सामाईक कुरणाचा दृष्टान्त देऊन तीच गोष्ट गणितासारखी मांडली. प्रत्येक गुराखी आणखी एक गुरू सोडतो, कारण फायदा त्याचा एकट्याचा आणि तोटा सर्वांत वाटला जाणारा. शेवटी कुरण उजाड. नाखवांनी तेच एका वाक्यात सांगितले आणि त्यासाठी त्यांना पदवी लागली नाही.

तेव्हा एकट्याने उपाशी राहून दाखव, असे आम्ही त्यांना सांगू शकतो का? ज्या त्यागाने पिल्लू वाचत नाही, फक्त शेजाऱ्याची टोपली भरते, तो त्याग वेदीवरून मागायचा अधिकार आम्हाला आहे का? आम्हाला तो आहे असे वाटत नाही. आमच्या अंगावर कर्ज नाही, बोट नाही, आणि जेवण टेबलावर येते. इतरांना वीरपणा सांगण्याचा मोह धर्मगुरूंना नेहमीच असतो आणि त्याची किंमत बहुधा दुसऱ्याचे घर चुकते करते.

पण एकट्याने सोडणे आणि सगळ्यांनी धरणे या दोनच वाटा आहेत का? हार्डिनच्या गुराख्यांत एक विचित्र गोष्ट आहे. ते एकमेकांशी बोलत नाहीत. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंनी जगभरची खरीखुरी सामाईक कुरणे, कालवे आणि मासेमारीच्या जागा तपासल्या. १९९० साली त्यावर पुस्तक लिहिले आणि २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या पुस्तकात तुर्कस्तानातल्या अलान्या नावाच्या बंदराची हकीकत आहे. छोट्या बोटींचे शंभरेक मासेमार. चांगल्या जागांवरून भांडणे, मारामाऱ्या. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सहकारी संस्थेतल्या लोकांनी स्वतःच एक पद्धत काढली. मासेमारीच्या सगळ्या जागांची नावे लिहून यादी करायची. दर सप्टेंबरात चिठ्ठ्या टाकून जागा वाटायच्या. मग जानेवारीपर्यंत प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेला सरकायचे, आणि जानेवारीनंतर मेपर्यंत रोज एक जागा पश्चिमेला, कारण त्या काळात मासळीचा प्रवास उलटा होतो. म्हणजे वसंतातली चांगली जागा एकाच्याच नशिबी नाही, प्रत्येकाच्या वाट्याला ती येते. पहारेकरी कोण? ज्याची आज पाळी आहे तोच. दुसरा कोणी त्याच्या जागेवर आला तर तो गप्प बसणार नाही. सरकारी माणूस बंदरावर उभा करावा लागला नाही.

हे वाचताना आम्हाला वाटले, यात आपल्याला नवे काय आहे? डोलीच्या खुंटांच्या जागा आपल्याकडे पिढीजात ठरलेल्या आहेत. दुसऱ्याच्या जाळ्यासमोर जाळे लावायचे नाही, हे सरकारने शिकवलेले नाही. १ जूनपासूनची पावसाळी बंदी कायद्यात यायच्या आधीही नारळी पौर्णिमेपर्यंत बोटी न काढण्याची रीत किनाऱ्यावर होतीच, हिंदू कोळ्यांत आणि आपल्यातही.

आणि शुभ शुक्रवार. त्या दिवशी आपल्या बंदरातून एकही बोट सुटत नाही. कोणी सक्ती करत नाही, दंड नाही. आता हा दिवस चंद्राच्या हिशेबाने कुठे येतो ते पाहा. वसंतसंपातानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार हा पुनरुत्थानाचा सण. म्हणजे शुभ शुक्रवार पौर्णिमेच्या आसपासच पडतो. बहुतेक वर्षी भर उधाणाच्या दिवसांत, डोलीला सर्वांत चांगले पाणी असते तेव्हा. ऐन हंगामातले, ऐन उधाणातले पाणी आपण सगळे मिळून सोडतो. त्या दिवशी दुसऱ्या बंदरांच्या बोटी बाहेर असतात. आपण नाही धरले तर दुसरा धरेल, हे भाकीत त्या दिवशीही शंभर टक्के खरे असते. तरी ते वाक्य त्या दिवशी कोणाच्या तोंडी आल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

परवा नाखवांना आम्ही हेच विचारले. ते बराच वेळ जाळ्याची गाठ मारत राहिले. मग म्हणाले, "त्या दिवसाची गोष्ट वेगळी आहे, फादर. त्या दिवशी कोणीच जात नाही."

"कोणीच जात नाही म्हणून तुम्ही जात नाही, की तुम्ही जात नाही म्हणून कोणीच जात नाही?"

ते हसले. "तुम्ही सेमिनरीत हेच शिकलात वाटतं!" मग थोडे गंभीर होऊन त्यांनी एक गोष्ट सांगितली ती आम्हाला महत्त्वाची वाटते. पिल्ले सगळीकडे सारखी येत नाहीत. खाडीच्या मुखाजवळच्या काही जागांवर, काही ठरावीक उधाणांना त्यांचा थवा येतो, आणि कुठे व केव्हा हे जुन्या नाखवांना बोटांवर मोजून सांगता येते. म्हणजे खोल्याची आस बदलून जवळा घालवायची गरज नाही, सगळा हंगाम बुडवायचीही नाही. प्रश्न एक-दोन उधाणांचा आणि थोड्या जागांचा आहे. त्या जागा ज्यांच्या आहेत त्यांचे नुकसान इतरांनी कसे भरून काढायचे, ते मात्र ठरवावे लागेल, आणि ते सोपे नाही. पैशाची गोष्ट निघाली की कोणाचा कोणावर विश्वास नसतो, हे आम्हाला आपल्या सणाच्या वर्गणीवरूनही ठाऊक आहे.

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात एक छोटा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे दिसले आणि आई अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्ले घ्यावीत, पण आईला जाऊ द्यावे. हा नियम प्राण्यांविषयीच्या दयेचा आहे असे काही भाष्यकार म्हणतात, तर काहींना त्यात उद्याच्या पोटाची सोय दिसते. आम्हाला तो वाचताना नेहमी वाटे, यात पिल्लांचे काय? आता ध्यानात येते की नियम करणाऱ्याने उपाशी वाटसरूला रिकाम्या हाताने जायला सांगितलेले नाही. काय घ्यायचे आणि काय ठेवायचे, एवढेच ठरवले आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या विश्वपत्रात बेबंद मासेमारीचा उल्लेख केला आहे. ते पत्र आपल्या किती घरांत आहे ते माहीत नाही, पण निवासात आहे. ज्यांना हवे त्यांनी घेऊन जावे आणि आठवणीने परत आणावे.

खाणाऱ्यांचे राहिले. आम्ही मावशींना सांगितले की यापुढे हाताच्या मापापेक्षा लहान पापलेट निवासात नको. त्यांना थोडे लागले. म्हणाल्या, "मोठं पापलेट तुम्हाला फुकट द्यायला मला परवडतं का, फादर?" अगदी खरे बोलल्या. जे विकले गेले नाही त्यातले उरलेसुरले त्यांनी प्रेमाने आणले होते आणि आम्ही त्यांना मापे सांगत बसलो. मग त्याच म्हणाल्या, "बरं, बोंबील आणीन." गेल्या शुक्रवारी आणले. उत्तम होते. उपवासाच्या दिवसाला जरा जास्तच उत्तम.

विकणाऱ्या इतर मायलेकींनी काय करावे हे आम्ही सांगणार नाही. टोपलीत आलेले मेलेले पिल्लू विकले नाही म्हणून ते जिवंत होत नाही, आणि त्या दिवसाची भाजी त्यावरच असेल तर कोणी कोणाला बोलू नये. गिऱ्हाइकांना मात्र, म्हणजे वाडीतल्या आणि स्टेशनजवळच्या नव्या इमारतींमधल्या आपल्याच धर्मग्रामस्थांना, एवढे विचारतो: स्वस्त मिळते म्हणून ती पिशवीभर पिल्ले घेताना आपल्याला खरोखर परवडत नाही म्हणून घेतो, की मुलांना काटे लागत नाहीत म्हणून?

झावळ्यांच्या रविवारी भांग आहे, बोटी किनाऱ्यालाच असतील. त्या दिवशी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात बसायचे ठरले आहे. सर्व नाखवा, खलाशी, मासे विकणाऱ्या भगिनी आणि ज्यांना यायचे असेल ते सर्व. पिल्लांच्या जागा आणि उधाणे कोणती, ती सोडायची तर कोणी आणि कशाच्या बदल्यात, शेजारच्या बंदरांकडे बोलणी करायला कोणी जायचे, एवढेच विषय. प्रवचन होणार नाही, आम्ही मागच्या बाकावर बसू. ज्या नाखवांपासून ही गोष्ट सुरू झाली त्यांनी यायचे कबूल केले आहे. फक्त ऐकायला येईन, काही कबूल करणार नाही, असे त्यांनी दोनदा बजावले आहे. चहा महिला मंडळाकडून.

तुमचा,
धर्मगुरू